नातवाच्या वहीत फक्त आजोबा! निर्वासितांच्या घरातल्या गोष्टींबद्दल

सीताबर्डी (धागालेखिका)

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी 'स्वतःबद्दल दोन पानं' लिहायला देते. बहुतेकांचं ठरलेलं असतं. गाव, दहावीचे मार्क, क्रिकेट आणि 'मला आयएएस व्हायचं आहे'. यंदा मात्र एका मुलाचं लिखाण डोक्यातून जातच नाहीये. त्याची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण मुलगा तिबेटी आहे आणि जन्म गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतला. मराठी आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा सरस.

दोन पानांत काय आहे? मार्च १९५९. चिनी राजवटीविरुद्ध ल्हासात उसळलेली गर्दी. आजोबांनी रात्री चालायचं आणि दिवसा कपारीत लपायचं. बर्फात गेलेली पायाची बोटं. आसामातली मिसामारीची छावणी आणि तिथल्या उकाड्यात आजारी पडून गेलेली माणसं. मग हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडणं. मागे राहिलेल्या कुत्र्याचा रंगसुद्धा दिलाय. आणि स्वतःबद्दल? अगदी शेवटी एक ओळ, 'माझा जन्म २००५ चा.' संपलं.

माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. मला हे ओझं वाटतं. ज्या मुलाने तिबेट नकाशाबाहेर कधी पाहिलेलं नाही, त्याच्या डोक्यात दुसऱ्याचं आयुष्य इतकं ठासून भरलंय की त्याचं स्वतःचं ठेवायला जागाच नाही. निर्वासितांच्या घरातल्या आठवणी पुढच्या पिढीला उभं करतात की अडकवून ठेवतात? घरात असा इतिहास असलेले इथे बरेच जण असतील. लिहा.

मिसळपाववाला बंड्या

जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न आणलेत.

झाडीवाला
*विषय: आमच्याच तालुक्यातला विषय*

मॅडम, मी अर्जुनी मोरगावचा. इटियाडोह धरणाच्या बाजूला आहे ती वसाहत. १९७२ च्या सुमारास वसली, तेव्हा आमचा भंडारा जिल्हा होता, गोंदिया १९९९ ला वेगळा झाला. जंगल तोडून जमीन दिली आणि थंड मुलखातल्या या माणसांना धानाच्या बांधीत उतरवलं. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, विचार करा.

पोरं आमच्यासारखीच बोलतात, 'काहून बे' म्हणतात, मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर बसून पाहतात. पण एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. दिवाळी झाली की वसाहतीतली कामाची माणसं स्वेटर विकायला निघून जातात. नागपूर, अकोला, पुणे, कुठं कुठं दुकान लावतात. परत येतात ती थंडी सरल्यावर, लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, आसपास. तेवढे महिने घरात कोण? म्हातारे आणि लेकरं. शेकोटीपाशी गोष्ट सांगणारा आजोबाच असंल, तर पोराच्या वहीत आजोबाच येईल नं बाप्पा. त्यात ओझं काय नि आधार काय, ज्याच्याजवळ बसला त्याची गोष्ट ऐकली.

इरावती

झाडीवाले, हा मुद्दा भारी आहे. असा विचारच केला नव्हता.

अवांतर: ते स्वेटर तिबेटी लोकरीचे असतात ना?

झाडीवाला

@इरावती: लुधियानाचे असतात ताई. ठोक माल तिथूनच येतो.

इरावती

पंधरा वर्षं मी 'याकची लोकर' म्हणून सासूबाईंना भेट देतेय. :(

मिसळपाववाला बंड्या

सासूबाईंना सांगू नका. कुटुंबातल्या काही आठवणी न तपासलेल्याच बऱ्या.

कॅम्प नंबर चार
*विषय: हवेलीचे वारस*

आम्ही उल्हासनगरचे सिंधी, तिसरी पिढी. माझं मराठी घाटकोपरच्या शेजाऱ्यांच्या कृपेने.

आजीची गोष्ट एकच. हैदराबाद सिंधमध्ये हिराबादला घर, गच्चीवर वारा आत ओढून घेणारे मंघ, त्यामुळे उन्हाळ्यातही खोली गार. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की मला त्या घराचा जिना माहीत आहे. तसं पाहिलं तर प्रत्येक सिंध्याच्या आजोबांची तिकडे हवेली होती. सगळ्यांच्या हवेल्या खऱ्या धरल्या तर सिंधमध्ये गव्हाला जागा उरत नाही.

पण गंमत काय, आजीची गोष्ट कराची बंदरात बोटीत बसण्यापाशी संपायची. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली, त्यानंतर निघाले. पुढचं एकदम 'मग तुझ्या वडिलांचं लग्न झालं'. मधलं काय? कल्याणजवळ युद्धाच्या काळातली लष्करी छावणी होती, तिच्या बराकींमध्ये हजारो कुटुंबं कोंबली होती. एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून चार-पाच संसार. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. वडील त्याच पडद्याआड वाढले, शाळेत असताना लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायचे. हे मला कळलं त्यांच्या एका मित्राकडून, वडिलांच्या बाराव्याला. घरात कुणी कधी काढलंच नाही. हवेली सांगायची, गोणपाट नाही.

आता माझं उत्तर. मला हवेलीने काहीच दिलं नाही. लहानपणी वाटायचं, आपण राजघराण्यातले आणि आता घसरलोय. लोकलमधली बिस्किटं आधी कळली असती तर वडिलांशी वेगळं वागलो असतो.

माई (समुपदेशक)

कॅम्प नंबर चार, प्रतिसाद मनापासून आवडला.

अमेरिकेत एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी यावर काम केलंय. मुलांना वीस साधे प्रश्न विचारायचे. आजी-आजोबा कुठे वाढले ठाऊक आहे का, आईवडील कसे भेटले, घरात कुणावर काय संकट आलं होतं, असे. ज्या मुलांना जास्त ठाऊक, त्यांचा आत्मविश्वास जास्त आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे ही भावनाही जास्त, असं त्यांना दिसलं. अर्थात तिथली कुटुंबं निर्वासित नव्हती, आणि गोष्टींमुळे आत्मविश्वास येतो की मुळात बोलकी, धड घरं असतात म्हणून दोन्ही येतं, हे त्यातून ठरत नाही. पण त्यांचं एक निरीक्षण या धाग्याला लागू पडतं. 'आपण फार मोठे होतो, सगळं गेलं' ही एक तऱ्हा. 'काही नव्हतं, आता बघ' ही दुसरी. तिसरी म्हणजे चढ आणि उतार दोन्ही सांगणारी, आणि मुलांना सगळ्यात जास्त ताकद हीच तिसरी देते. तुमच्या आजीची पहिल्या प्रकारची होती.

न सांगितलेलंही पोरांपर्यंत पोचतं, बरं का. कुठल्या प्रश्नावर आई उठून स्वयंपाकघरात जाते, हे मुलाला चौथ्या वर्षी कळलेलं असतं.

रोखठोक

भावना ठीक आहेत. पण साठ-पासष्ट वर्षं इथे राहून, इथलं खाऊन अजून 'निर्वासित' कसले? नागरिकत्व घ्या आणि मोकळे व्हा. सिंध्यांनी घेतलंच ना? गोष्टी सांगत बसायची हौस दुसरं काय.

वकीलसाहेब
*विषय: इतकं सोपं नाही*

रोखठोक, सिंधी लोकांना 'घ्यावं' लागलं नाही. फाळणीनंतर आलेल्यांची सोय थेट राज्यघटनेतच केली होती. तिबेटी माणूस कायद्याने परदेशी. शिवाय १९५१ च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, त्यामुळे 'निर्वासित' हा दर्जाही कागदोपत्री धड नाही. हातात असते आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, आणि ते ठरावीक मुदतीने नवं करून घ्यायचं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाची ओळखपुस्तिका. विमानतळावरचा अधिकारी ती उलटीसुलटी करून बघतो.

आता खरी गोम. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील नागरिक असावे लागतात. डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक. त्यामुळे आईवडील दोघेही तिकडून आलेले असतील तर एकाच घरातला थोरला भाऊ भारतीय आणि धाकटा परदेशी, असंही होतं. तिबेटी लोकांच्या बाबतीत हे हक्क मान्य व्हायलाही दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. मॅडमच्या विद्यार्थ्याचे आईवडील १९८७ च्या आधी इथेच जन्मले असतील तर तो बहुधा पात्र आहे. पण पात्र असणं आणि अर्ज करणं यात आजोबा उभे असतात. 'आपण परत जाणार आहोत' हे ऐकत वाढलेल्या मुलाने पासपोर्टचा फॉर्म भरला तर घरात काय होतं, ते मी माझ्या केबिनमध्ये पाहिलंय. अशील तीनदा आला, फॉर्म न भरता गेला.

रोखठोक

माहितीबद्दल धन्यवाद. ८७ चं ठाऊक नव्हतं. तरी मुद्दा उरतोच. गोष्ट पायात येत असेल तर ती बाजूला ठेवायला नको का?

भीमेकाठचा

आमचं गाव उजनी धरणात गेलं. माझे आजोबा पण असंच रोज सांगायचे, वाडा, चिंच, मळा. आम्ही पण निर्वासितच की.

वकीलसाहेब

@भीमेकाठचा: दुःख मोजायचं नाही, पण तुम्ही विस्थापित. मतदान कार्ड बदललं नाही तुमचं.

भीमेकाठचा

मान्य. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्याकडे पळसदेवचं देऊळ तरी वर येतं. पोरांना होडीतून नेऊन दाखवता येतं. त्यांना काय दाखवणार?

कराचीकर

इथे आमचं पण टाकतो. माझी आई कराचीची, आणि आम्ही पक्के मराठी. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे नोकरीपायी गेलेली मराठी कुटुंबं तिथे बरीच. कराचीतली १८५५ सालची ती नामांकित सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची आहे.

फाळणीनंतर आई मुंबईत मामाकडे आली. नातेवाईक म्हणायचे, 'तुम्ही कसले निर्वासित, तुम्ही तर आपल्या घरी आलात.' झालं! रडायची पण सोय नाही. तिचं घर कराचीत समुद्राकाठी, क्लिफ्टनच्या वाऱ्यात होतं आणि इथे गिरगावात चाळीतली दीड खोली. तिने आम्हाला कराची कधी सांगितलीच नाही, कारण ऐकणाऱ्याला ती गोष्ट खरी वाटायची नाही. आता मी साठीला आलोय आणि रात्री जुने नकाशे बघतो. मॅडम, त्या पोराला निदान कुणीतरी सांगितलं. ओझं म्हणताय, मला तर त्याचा हेवा वाटतो.

रंकाळा

कोल्हापूरचा उल्लेख कसा नाही अजून? वळिवडे! १९४३ ते ४८ तिथे पोलंडच्या पाचेक हजार लोकांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. रशियनांनी १९४० मध्ये घरातून उचलून सायबेरियात टाकलेली, तिथून सुटून इराणमार्गे इकडे आलेली. त्यातली मुलं आता ऐंशी-नव्वदीची. २०१९ मध्ये काही जण आले होते. एक आजी वळिवड्याला उतरल्या त्या लहान पोरीसारख्या बोट दाखवत सुटल्या, इथे आमची शाळा, तिथे विहीर.

यातले जे पोलंडला परतले त्यांना साम्यवादी राजवटीत सायबेरियाबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. घरात सांगायला सेफ काय? कोल्हापूर! आंबे, माकडं, साप. आईबापाच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट भाग गायब आणि छावणीच स्वर्ग. मग सांगा, पुढच्या पिढीची ओळख कशावर उभी राहिली? सरकारने काय बोलू दिलं त्यावर.

मिसळपाववाला बंड्या

रंकाळा, कोल्हापूरकर कुठल्याही विषयात कोल्हापूर आणतो हे ऐकून होतो, पण सायबेरियातून आणलंत. मानलं.

रंकाळा

नाद करायचा नाही. :)

नोर्ग्येलिंग ते पुणे
*विषय: तो मुलगा मी नाही, पण असू शकलो असतो*

नमस्कार. इथे वाचत असतो, पहिल्यांदा लिहितोय. मी गोठणगावचाच. आमच्या वसाहतीचं नाव नोर्ग्येलिंग. आता पुण्यात नोकरी करतो. झाडीवाले भाऊ, इटियाडोहवर आपण नक्की कधीतरी भेटलो असू.

आजोबांना आम्ही पोला म्हणतो. बाहेरून एकच गोष्ट दिसते, पण आमच्या डोक्यात दोन असतात. शाळेतली गोष्ट म्हणजे झेंडा, १० मार्चची म्हणजे ल्हासातल्या उठावाच्या दिवसाची सभा, १७ मार्चच्या रात्री दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि ३१ ला भारतात पोचले, तारखा तोंडपाठ. पोलाची गोष्ट वेगळी. ते ल्हासाचे नव्हतेच. त्यांच्या बोलण्यात याकच्या केसांचा तंबू, शेजाऱ्याचे देणं राहिलेले पैसे आणि खिंडीत मागे पडलेली बहीण. शाळेत निबंध लिहिताना मी शाळेची तारीख आणि पोलाचे पाय एकत्र करायचो. मॅडमच्या वर्गातल्या मुलाच्या दोन पानांत ल्हासातली गर्दी आणि कुत्र्याचा रंग शेजारी शेजारी आलेत, त्यावरून त्यानेही तेच केलं असावं. खोटं नाही ते. एवढंच की ते दोन माणसांचं आहे.

पोलाला मी त्सांपा खाताना रोज बघायचो. गोंदियात सातू सहज मिळायचा नाही, आई कुठूनतरी आणून भाजून दळून ठेवायची. लाकडी वाटीत मिठाचा चहा, वर पीठ, आणि मग अंगठा कडेला ठेवून वाटी हळूहळू फिरवत बाकीच्या बोटांनी पीठ दाबत न्यायचं. सांडायचं नाही, वाटीला चिकटू द्यायचं नाही. पोलाच्या हातात शेवटी वाटी पुसल्यासारखी कोरडी. मे महिन्यात, पंख्याखाली, बनियनवर. मला ते कधी जमलं नाही, माझं अर्धं पीठ चड्डीवर. पोला रागवायचे नाहीत, म्हणायचे, तुझ्या आईलाही येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. कॅम्प नंबर चारदादांनी जे बिस्किटांचं लिहिलं ते वाचून मी थांबलो. माझी आई रस्त्याच्या कामावर असलेल्या छावणीत जन्मली. वीस-पंचवीस हिवाळे तिने अकोल्यात आणि अमरावतीत फुटपाथवर स्वेटर विकले. लुधियानाहून गाठोडी घेऊन जनरल डब्यात. मोलभाव करायला वऱ्हाडी शिकली. एका वर्षी दुकानांच्या रांगेला आग लागून सगळा उधारीचा माल गेला, तो फेडत बसली. हे सगळं मला ठाऊक आहे, पण गोष्ट म्हणून कुणी सांगितलं नाही. १० मार्चला स्टेजवर पोलासारख्या म्हाताऱ्यांना बसवतात. आईसारख्या बायका मागे चहा करतात. आम्ही नातवंडं आईवडिलांवरून उडी मारून थेट आजोबांकडे जातो, कारण तिकडे डोंगर आहे, बर्फ आहे, पाठलाग आहे. आईकडे काय आहे? हँगर आणि 'फिक्स रेट' लिहिलेला पुठ्ठा.

म्हणून मॅडम, ओझं पोलाचं नाही. मधली पिढी गाळलेली आहे. पोलाने कुठून आलो ते सांगितलं. या देशात राहायचं कसं, ते आईने करून दाखवलं. माझी ओळख म्हणाल तर निम्म्याहून जास्त आईची आहे, आणि तिच्यावर मी एक ओळ लिहिलेली नाही.

नागरिकत्वाचं विचारलंय म्हणून, मी अजून अर्ज केलेला नाही. धाकट्या बहिणीने केला. आमचं भांडण झालं, मग मिटलं. पोला असते तर त्यांनी तिला खाता (आमच्याकडचा मानाचा शेला) घालून आशीर्वाद दिला असता असं ती म्हणते. मला तसं वाटत नाही. आमच्या दोघांच्या डोक्यातले पोला वेगळे आहेत, एवढं कळलं.

कॅम्प नंबर चार

भावा, काय लिहिलंस. आज आईला फोन करतो.

इरावती

वाचनखूण साठवली. आणि सासूबाईंच्या स्वेटरबद्दल आता अजिबात वाईट वाटत नाहीये.

रोखठोक

चांगलं लिहिलंय. बहिणीचा निर्णय मला पटतो, तुमचा नाही. पण कळला.

सीताबर्डी

नोर्ग्येलिंग, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'ओझं' हा माझा मुद्दा मी पूर्ण सोडत नाहीये. ज्या मुलाच्या दोन पानांत त्याची शाळा नाही, मित्र नाहीत, गोठणगाव नाही, तो कुठेतरी स्वतःला मोजतच नाहीये. पण मधल्या पिढीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्याच्या लिखाणातही आईवडील नाहीत हे आत्ता वही उघडून पाहिलं. त्याला पुन्हा लिहायला सांगू का? विषय देऊ का, 'माझ्या आईचा हिवाळा' असा काही?

माई (समुपदेशक)

द्या, पण सगळ्या वर्गाला द्या. एकट्याला दिला तर त्याला वाटेल आजोबा चुकले. आणि पहिल्या लिखाणाला चांगले मार्क द्या.

नोर्ग्येलिंग ते पुणे

मी माईंशी सहमत नाही, सॉरी. विषय देऊ नका. शाळेने दिलेल्या विषयावर लिहून लिहूनच आम्ही असे झालोय. आईबद्दल पण मग आम्ही 'कष्टाळू माता' छापाचं लिहू आणि मोकळे होऊ. त्याला फक्त सहज विचारा, आई यंदा कुठे दुकान लावते म्हणून. नागपुरातच असली तर जाऊन एक स्वेटर घ्या.

झाडीवाला

आणि भाव करू नका मॅडम, फिक्स रेट असतो.

कराचीकर

@नोर्ग्येलिंग: एक विचारू? पोलांच्या त्या मागे राहिलेल्या बहिणीचं पुढे काही कळलं का?

नोर्ग्येलिंग ते पुणे

@कराचीकर काका: ऐंशीच्या दशकात थोडी ये-जा सुरू झाली तेव्हा एक पत्र आलं होतं. ती होती, मुलंबाळं होती. २००८ मध्ये तिबेटात आंदोलन झालं, त्यानंतर फोनही बंद झाले. पत्र आईकडे आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, आरसीच्या फायलीत. मला तिबेटी लिपी वाचता येते, पण त्यांचं हस्ताक्षर लागत नाही. पोला वाचून दाखवायचे तेव्हा मी नीट ऐकलं नाही.

कराचीकर

फोटो काढून ठेव आधी. आजच.

भीमेकाठचा

लोसारला वसाहतीत बाहेरच्यांना येऊ देतात का? पोरांना घेऊन यायचं म्हणतोय.

झाडीवाला

या की. फेब्रुवारी-मार्चात असतं, तारीख दरवर्षी बदलते. गोंदियाहून बल्लारशा लाइनची गाडी पकडा, अर्जुनीला उतरा, पुढं आमची जीप. नवेगाव बांध पण पाहून घ्या. जेवण आमच्याकडं.